बीएस्सीनंतर नोकरी धरावी की एमएस्सी केमिस्ट्री करावी? (बहिणीसाठी विचारतोय)

भीमाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कुरकुंभ एमआयडीसीत फिटर आहे. आयटीआय करून लागलो त्याला अकरा वर्षं झाली. हा धागा धाकट्या बहिणीसाठी काढतोय. ती यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, डिस्टिंक्शनमध्ये. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

आमच्याच एमआयडीसीतली एक औषध कंपनी तिला क्यूसीमध्ये (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहे. १६ हजार हातात, कंपनीची बस चौकातून. पण तिला पुण्याला जाऊन एमएस्सी करायचीय, ऑरगॅनिक घ्यायचं म्हणते. म्हणजे दोन वर्षं फी, मेस आणि खोलीचं भाडं. वडील म्हणतात, हातातली नोकरी सोडू नये. मामा म्हणतो, बीएड कर आणि शाळेत लाग. आई काहीच बोलली नाही, पण परवा तिने हातातल्या पाटल्या काढून पुसून डब्यात ठेवल्या. तिचा कौल कुठे आहे ते मला तेव्हा कळलं.

रिॲक्टरचं जॅकेट, व्हॉल्व्ह, गॅस्केट हे मला कळतं. आत काय शिजतंय ते मला ती सांगते. पण या निवडीत मी तिला काय सांगू? एमएस्सीने खरंच फरक पडतो का? आणि ऑरगॅनिक, ॲनालिटिकल, इनऑरगॅनिक, फिजिकल यांतलं काय घ्यावं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा ही विनंती.

ओलीमाती

वाचतेय. माझ्या पुतण्याचाही हाच प्रश्न आहे.

रेवती_क्यूसी

दादा, मी बीएस्सीवर क्यूसीत लागले, तीन वर्षं काम केलं, मग नोकरी सोडून एमएस्सी ॲनालिटिकल केलं आणि परत क्यूसीतच आले. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून लिहिते.

पहिली तीन वर्षं मी एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, चालवत होते. मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारं द्रावण) बनवायची, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची, सोनिकेटरवर ठेवून त्यातली हवा काढायची, घटक वेगळे करणारी नळी म्हणजे कॉलम लावायचा. स्टँडर्डची सहा इंजेक्शनं द्यायची, त्यांच्यातला फरक दोन टक्क्यांच्या आत आला की नमुने लावायचे. सगळं एसओपीत, म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीत, लिहिलेलं. हात बसला की डोळे मिटून होतं.

एका रात्रपाळीत पंपाचा दाब चढायला लागला. १२० बार होता तो बघता बघता २८०. मी पंप बंद केला आणि सुपरवायझरला फोन लावला. त्यांनी पहिलं काय विचारलं? "आधीच्या शिफ्टने बफर धुतला होता का?" नव्हता धुतला. फॉस्फेट बफर कॉलममध्ये तसाच होता आणि त्यावर ॲसिटोनायट्राइल जास्त असलेली मोबाइल फेज सोडली गेली होती. त्यात फॉस्फेट विरघळत नाही, क्षार बाहेर पडतो आणि कॉलमचं तोंड बुजतं. ९० भाग पाणी, १० भाग मिथेनॉल, कॉलम ४० अंशांवर, फ्लो अगदी कमी. तासाभरात दाब खाली आला. त्यांनी हे घरी अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर सांगितलं. मी मशीनसमोर उभी होते आणि मला सुचलं नाही.

त्या रात्री ठरवलं की शिकायचं. बीएस्सीवर काम मिळतं, नाही असं नाही. पण नवी पद्धत बसवणं, ती व्हॅलिडेट करणं, ऑडिटरसमोर बसून "हाच बफर का, हाच पीएच का" याचं उत्तर देणं, हे काम ज्यांच्याकडे येतं ते बहुतेक एमएस्सीवालेच असतात. मला एमएस्सीनंतर चार वर्षांत जे काम हातात आलं ते आधीच्या टेबलावर दहा वर्षांत आलं नसतं.

सह्यसखा

रेवतीताईंचा प्रतिसाद सुरेख, पण मी ऑरगॅनिकच्या बाजूने बोलणार. एमएस्सी ऑरगॅनिक करून हैदराबादला आर अँड डीत सात वर्षं आहे.

तिने ऑरगॅनिक म्हटलंय ना? मग एकच विचारा, तिला प्रॅक्टिकलला मजा येते का? आमचं काम म्हणजे सकाळी रिॲक्शन लावायची, तासातासाला टीएलसी, म्हणजे रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी ठिपक्यांची चाचणी, बघायची. काचेच्या केशनळीने प्लेटवर बारीक ठिपका द्यायचा, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटमध्ये उभी करायची, मग दिव्याखाली धरायची. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका फिका होत जातो आणि शेजारी नवा ठिपका उमटतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा जो आनंद होतो तो सातव्या वर्षीही तसाच होतो, हे मी शपथेवर सांगतो.

मग कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची काचेची नळी. खाली कापसाचा बोळा, वर वाळूचा थर, हेक्झेनमध्ये कालवलेलं सिलिका ओतायचं, हवेचा बुडबुडा राहिला तर उचकटून परत भरायचा. नायट्रो कंपाउंड असेल तर पिवळा पट्टा डोळ्यांदेखत उतरतो. बाकीच्या वेळी पांढऱ्यातून पांढरं वेगळं करायचं, चाळीस टेस्ट ट्यूब भरायच्या आणि एकेकीची टीएलसी करत बसायची. सहा-आठ तास पायांवर उभं. कपड्यांना पिरिडीनचा वास. हे ज्याला जमतं त्याला काम मिळतं.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. आर अँड डीत एमएस्सीला शिडी अर्धीच मिळते. काही वर्षांनी नवा पीएचडी येतो आणि तुमच्या वरच्या खुर्चीवर बसतो. ते डोक्यात ठेवून यावं.

षटकोन

केमिस्ट्रीचा धागा आणि मी नाही, असं होणार नाही. साखरपुड्याला अंगठी दाखवली तर बायको (तीही एमएस्सी ऑरगॅनिक) म्हणाली, "गोल का घेतलीस? षटकोनी असती तर बेंझीन झाली असती." लग्नाला नऊ वर्षं झाली, संसार अजून स्थिर आहे, अनुनादामुळे.

तासिकावाला

दादा, मला थोडं वेगळं सांगायचंय. निराश करायचा हेतू नाही.

मी एमएस्सी इनऑरगॅनिक, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा सेट पास, नेटही पास (जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मात्र नाही). सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. जेवढे तास तेवढे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. एका कॉलेजने तर आठ महिन्यांचं मानधन एकदम दिलं, तोवर उसनवारीवर घर चालवलं. मला शिकवायला आवडतं. कोऑर्डिनेशन कंपाउंड शिकवताना कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी द्रावणात मी हायड्रोक्लोरिक ॲसिड घालतो आणि ते निळं होतं, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढे येतात. त्यासाठी मी टिकून आहे.

पण ती "एमएस्सी करून प्राध्यापक होईन" एवढ्यावरच निघाली असेल तर तिला हे सांगा. कायम जागा निघणं, त्या भरल्या जाणं आणि आपला नंबर लागणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचा रस्ता उघडा ठेवायला सांगा. मामांना बीएड सुचवताना वाटतं तेवढं तेही सोपं नाही, तिथे टीईटी आणि टेट या शिक्षकांच्या परीक्षा आहेतच.

भीमाकाठचा

एवढं मनापासून लिहिताय, खूप आभार. तासिकावाला सर, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "प्राध्यापक व्हायचं म्हणून नाही रे, मला कळत नाही तिथे थांबायला आवडत नाही म्हणून." तिला प्रॅक्टिकल फार आवडतं. तिसऱ्या वर्षाला बायनरी मिक्श्चर वेगळं करायचं होतं तेव्हा संध्याकाळी सहापर्यंत लॅबमध्ये थांबायची, एसटी चुकायची, मग मी गाडीवर आणायला जायचो.

वडिलांना आता एकच भीती आहे, केमिकलची. कंपनीत अपघात पाहिलेत त्यांनी. त्याबद्दल कुणी सांगेल का?

मास्तर_निवृत्त

भीमाकाठचा, मी ३४ वर्षं केमिस्ट्री शिकवली. वडिलांची भीती रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात असताना एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होती. इथर वापरून मिश्रण वेगळं करायचं. डायइथाइल इथर साधारण ३५ अंशांना उकळतं आणि त्या दिवशी खोलीच ४० अंशांवर होती! बाटलीचं बूच काढलं की फसकन वाफ. ती हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून पाण्यासारखी पसरत जाते, दिसत नाही. दोन ओटे सोडून एका मुलाचा बर्नर चालू राहिला होता. ज्योत ओट्यावरून उलट धावत आली. लॅब असिस्टंटने ओलं पोतं टाकलं म्हणून एका मुलीच्या ओढणीच्या टोकावर निभावलं. त्या लॅबला एक्झॉस्ट पंखा मागून दोन वर्षं झाली होती.

म्हणून सांगतो, प्रवेश घेण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) आहे का, आणि आहे तर चालू आहे का? त्याच्यासमोर कागदाची पट्टी धरा, आत ओढली गेली तर चालू. आग विझवण्याचं नळकांडं कोणत्या तारखेचं आहे? डोळे धुवायची सोय आहे का? मुलांच्या डोळ्यांवर गॉगल आहेत का? कॉलेजचं नाव केवढं मोठं यापेक्षा हे मोलाचं. जिथे हूड चालू असतो तिथे शिकवणंही बहुधा चालू असतं.

विषयाबद्दल: पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षाला फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक सगळंच असतं. तिला आधी सगळ्याची चव घेऊ द्या. आणि गणिताची भीती बाळगून फिजिकल टाळू नका. थर्मोडायनॅमिक्स कच्चं राहिलं तर पुढे सगळंच पाठांतर होतं.

फिजिकलप्रेमी

मास्तरांना साष्टांग! "फिजिकलला नोकरी नाही" हे ऐकून ऐकून कान किटलेत. २०१९चं केमिस्ट्रीचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं ते लिथियम-आयन बॅटरीसाठी. निम्म्याहून अधिक इलेक्ट्रोकेमिस्ट्री, म्हणजे फिजिकलच आहे ती. मी फिजिकल करून आज बॅटरीच्या चाचणीचंच काम करतो. जाहिराती ऑरगॅनिकइतक्या दिसत नाहीत हे खरं, शोधाव्या लागतात.

सह्यसखा

शोधाव्या लागतात हेच तर म्हणतोय मी. घरची परिस्थिती बघता जिथे जाहिराती जास्त तिथे जावं. पाताळगंगा, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, पलीकडे वापी-अंकलेश्वर. सगळीकडे ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकलच मागतात.

फिजिकलप्रेमी

मान्य. पण आवडलं नाही तर सात वर्षं कॉलम भरत उभं राहवणार नाही, हेही तुमच्याच प्रतिसादात आहे.

सह्यसखा

हेही मान्य. :)

ओंजळ

थोडं अवांतर, पण बहिणीला जरूर सांगा.

कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची आयआयएससी) शिकलेले. १९३३ साली मुंबईहून पहिल्या येऊन बीएस्सी झाल्या आणि त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत, थेट जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी घेतलं ते अटी घालून, वर्षभर पाहू आणि मगच नियमित विद्यार्थिनी समजू म्हणाले. त्या वर्षानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं. १९३६ला एमएस्सी, १९३९ला केंब्रिजची पीएचडी. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. नीरा या ताडमाडाच्या गोड रसावरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे.

माझी आई इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकली. ती सांगायची, तिथला दगडी जिना चढताना कमलाबाई इथून चढल्या हे आठवलं की दम लागत नाही.

भीमाकाठचा

ओंजळताई, हे आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

पाषाण_रोड

मी सध्या पुण्यात पीएचडी करतोय, जेआरएफवर. एमएस्सीनंतरचं थोडं लिहितो.

जेआरएफसाठी सीएसआयआर-नेट द्यावी लागते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. पेपर २०० गुणांचा. पहिला भाग सामान्य क्षमतेचा, २० पैकी १५ प्रश्न. दुसऱ्यात ४० पैकी ३५. तिसरा भाग खरा कस पाहणारा, ६० पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, आणि चुकलं की त्याच्या पाव, म्हणजे एक गुण कापतात. सोडायचं काय हे कळणं इथे सोडवण्याइतकंच महत्त्वाचं. मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० फेलोशिप आणि वर घरभाडं. मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. आमच्या घरी इतका पगार आधी कुणाला नव्हता, आणि तोही शिकण्यासाठी.

आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही परीक्षा. ती फेब्रुवारीत होऊन गेली, त्यामुळे यंदा नाही. पण त्यासाठी वर्ष वाया घालवू नका. विद्यापीठाच्या विभागाची प्रवेश परीक्षा असते, ती द्या. अनुदानित जागा आणि विनाअनुदानित तुकडी यांच्या फीमध्ये फार अंतर असतं, अर्ज भरताना नीट वाचा. विद्यापीठात "कमवा व शिका" योजना आहे, मी दोन वर्षं त्यात काम केलं, मेसचं बिल त्यातून निघायचं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचाच, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तहसीलमध्ये ऐनवेळी रांग लागते.

ऱ्हाइनकाठी

परदेशाबद्दल कुणी विचारलं नाहीये, तरी लिहितो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहे). पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम खात्यात आधी अडकवून ठेवावी लागते. मी आलो तेव्हापेक्षा ती वाढलीय, २०२४च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो. शिवाय एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र. हे सगळं पाटल्या मोडून करू नका. भारतातली एमएस्सी करूनही इकडे पीएचडीला येता येतं, आणि पीएचडीला इथे बहुधा पगार मिळतो. माझ्या गटात सोलापूरची एक मुलगी तशीच आलीय.

रेवती_क्यूसी

दादा, एक सुचलं म्हणून परत आले. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग असतं, चार क्रेडिटचं. मुलांना कंपन्या मिळत नाहीत, वणवण फिरतात. तुमच्या बहिणीला तर एक कंपनी आत्ताच घ्यायला तयार आहे! तिथल्या एचआरला सरळ भेटा. म्हणा, आत्ता ती शिकायला जातेय, पण ट्रेनिंगला तुमच्याकडेच येईल. वडिलांनाही बरं वाटेल, नोकरी सोडली असं न वाटता पुढे ढकलली असं वाटेल.

मास्तर_निवृत्त

उत्तम सुचवलंत. आमच्या वेळी हे नव्हतं, असायला हवं होतं.

ओलीमाती

+१. पुतण्यालाही हेच सांगते. त्याने इनऑरगॅनिक घ्यायचं ठरवलंय, तासिकावाला सरांच्या निळ्या द्रावणामुळे. घरी कोबाल्ट क्लोराइड कुठे मिळतं विचारतोय.

तासिकावाला

ताई, घरी नको, ते विषारी आहे. त्याला आमच्या कॉलेजात पाठवा, मी दाखवतो. पत्ता निरोपात देतो.

भीमाकाठचा

मंडळी, धागा जवळजवळ वर्षाने वर काढतोय. तुम्ही एवढं लिहिलंत, पुढे काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

तिने प्रवेश घेतला. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि वडील दोन कॉलेजांच्या लॅब बघून आलो. एका ठिकाणी वडिलांनीच फ्यूम हूडसमोर एसटीचं तिकीट धरलं. हललंसुद्धा नाही. तिथे अर्जच केला नाही. दुसऱ्या ठिकाणी तिकीट हातातून आत गेलं, वडील म्हणाले, "इथं घाल." पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत, माझा पीएफ थोडा काढला आणि ती कमवा व शिकामध्ये ग्रंथालयात काम करते. पहिल्या सत्रात फिजिकलने घाम काढला तिचा, पण निघाली. पुढच्या वर्षाला ऑरगॅनिकच घेणार म्हणते, सह्यसखांना सांगा.

ऑन जॉब ट्रेनिंगला ती त्याच कंपनीत आली, क्यूसीमध्ये. आणि गंमत अशी की गेल्या महिन्यात त्यांच्या शटडाउनला आमच्या ठेकेदाराने मला तिथेच पाठवलं. ग्लासलाइन्ड रिॲक्टरच्या मॅनहोलचं गॅस्केट मी बदललं. दोन दिवसांनी त्यातून निघालेल्या पहिल्या बॅचचं सॅम्पल तिच्या टेबलावर आलं. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बसने घरी आलो. ती वाटेत मला आलेख दाखवत होती, कागदावर पेनाने काढून. एक उंच शिखर, शेजारी अगदी छोटं. छोटं ते अशुद्धी, म्हणाली, मर्यादेत आहे.

रेवती_क्यूसी

डोळे भरून आले दादा. मोठ्या शिखराचं टेलिंग (शेपूट किती लांबलंय, १ म्हणजे अगदी सरळ) किती आलं विचारा तिला.

भीमाकाठचा

१.१ म्हणते. चांगलं का?

रेवती_क्यूसी

उत्तम!